पांढरी लड

ताईच्या रंगाच्या शेडमध्ये बूट घालून कुणालाही जाता येत नसे, मग तो गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो की सख्खा धाकटा भाऊ. दाराशी एक लाकडी बाक होता. त्यावर टेकायचं, बूट काढायचे आणि नुसत्या मोज्यांनी आत यायचं. आत दोऱ्यांवर लोकरीच्या ओल्या लडी टांगलेल्या असत आणि त्यांच्यावर चिखलाचा एक शिंतोडा उडाला तरी ताई अख्खी शेड डोक्यावर घ्यायची.

धाकट्या भावाचं नाव बारक्या. लहानपणी काडीपैलवान होता म्हणून हे नाव पडलं. आता तो पन्नाशीला टेकला होता, बाकावर बसला की बाक कुरकुरायचा आणि बूट काढायला वाकला की तो स्वतः कुरकुरायचा, पण नाव काही सुटलं नाही. डोंगरावरची नदी बोगद्यातून पलीकडच्या शहरात नेणाऱ्या कंपनीत तो आतल्या पाळीचा सुपरवायझर होता. गावातल्या पोरासाठी ही मोठीच नोकरी. ताई चारचौघांत "आमचा बारक्या बोगदा बघतो" असं म्हणायची, जणू सगळा डोंगर त्यानेच पोखरला होता.

त्या दिवशी त्याने बूट काढले तेव्हा शेडमध्ये ओल्या लोकरीचा वास नव्हता. हंडे उपडे पडले होते, दोऱ्या रिकाम्या होत्या. ताई खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला असं रिकामं बसलेलं त्याने आजारपणातही पाहिलं नव्हतं.

"थांबला," ती म्हणाली. "काल थेंब थेंब तरी येत होतं. आज तेही नाही."

शेडच्या मागे, कपारीत झरा होता. वर डोंगरात एक पाणथळ तळं होतं. त्याचं पाणी जमिनीत मुरायचं आणि इथे ताईच्या अंगणात बाहेर पडायचं. थंडगार, मऊ पाणी. त्या पाण्यात रंग लोकरीवर असा सारखा बसायचा की लांबलांबचे लोक इथूनच लोकर न्यायचे. गावातली निम्मी घरं त्याच झऱ्यावर पीत होती. आता गावात टँकर येत होता. वरच्या तळ्याचं डबकं झालं होतं, काठची झाडं शेंड्यांपासून वाळत होती, आणि तहानलेली हरणं घरांमागच्या सांडपाण्याला तोंड लावायला येत होती. सुकलेली जमीन खाली बसल्यामुळे दोन घरांच्या भिंतींना तडे गेले होते. कंपनी म्हणत होती, पाऊस कमी झाला. पाऊस बिचारा दरवर्षीसारखा नेमाने पडून गेला होता, पण कंपनीच्या दफ्तरी त्याची गैरहजेरी लागली होती.

बारक्याला पाणी कुठे गेलं ते माहीत होतं. माहीत होतं म्हणजे, कुणी विचारलं नसल्यामुळे त्याने ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

डोंगराच्या पोटात खोदकाम चालू असताना एक दिवस खडक फुटला आणि छतातून पाणी कोसळायला लागलं. आगगाडीचा बोगदा असता तर सगळे बोंबलत सिमेंट आणायला धावले असते. पण हा बोगदा पाणी न्यायचाच होता. साहेब, म्हणजे बोगद्याचे मुख्य इंजिनिअर, भेगेकडे बघत उभे होते. तेवढ्यात बारक्या म्हणाला, "बुजवायची कशाला, साहेब? आपण पाण्यासाठी डोंगर फोडतोय आणि पाणीच आपल्या पायांनी चालत आलंय. येऊ दे की." साहेब खो खो हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली, पोरांनी टाळ्या पिटल्या. नंतर सगळ्यांना चहा मिळाला. आणि त्या गडबडीत बारक्याने ओंजळ पुढे करून ते पाणी प्यायलं होतं. थंडगार, आणि शेवटी लोखंडी पळी चाटल्यासारखी किंचित चव. ही चव जगात एकाच झऱ्याला होती. लहानपणी त्याचं अर्धं आयुष्य त्या झऱ्याला तोंड लावून गेलं होतं. तो घोट त्याने गिळला आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत सामील झाला.

"बारक्या, एक काम करशील माझं?" ताईने विचारलं.

"बोल की."

तिने कपाटातून रंगाचा डबा काढला, आणि पांढऱ्याशुभ्र लोकरीच्या दोन लडी. "हा डाळिंबी रंग मी रोज सकाळी वरच्या तळ्यात सोडणार आहे. विषारी नाही. तुझ्या बोगद्यात ती भेग आहे ना, पाणी गळतं ती? त्याखाली ही एक लड बांधून ठेव. दुसरी कोरडी राहू दे, शेजारी धरून बघायला. पाण्यात रंग इतका पातळ होईल की डोळ्यांना दिसायचा नाही. पण लोकर सोडत नाही. ती पीत राहते."

"तू तर उकळत्या पाण्यात व्हिनेगर घालून रंगवतेस. गार पाण्यात कसा चढेल?"

"ऊब आणि आंबटपणा मिळाला तर पक्का बसतो. नाही मिळाला तर नुसता डागाळतो. मला डाग पुरे आहे." तिने लडी त्याच्या हातात दिल्या. "पुढच्या आठवड्यात तुझे साहेब गावच्या सभेला येणार आहेत. म्हणालेत, पुरावा दाखवा, नदीचं गेट उघडायच्या आधी भेग बुजवून देतो. एकदा बोगदा पाण्याने भरला की मग आत कोण शिरणार?"

भाऊजी टँकरवरून भरलेल्या बादल्या घेऊन आत आले. साधा, बडबड्या माणूस. ते म्हणाले, "मी हिला सांगतोय, उगाच शंका घेऊ नकोस. बारक्याच्या बोगद्यात पाणी गेलं असतं तर तो आधी आपल्याकडे धावत आला असता. काय रे?"

"हो," बारक्या म्हणाला. दुसरं काय म्हणणार? उठताना त्याचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. पायात पांढरे लोकरीचे मोजे होते. दर हिवाळ्यात ताई त्याच्यासाठी एक जोड विणायची, आणि स्वतः जन्मभर रंगात हात बुडवून असूनही त्याचे मोजे मात्र पांढरेच ठेवायची. म्हणायची, बोगद्यात काळोख असतो, पाय तरी दिसू देत.

लड त्याने खरोखरच बांधली. तेवढा प्रामाणिकपणा त्याने केला. लड पांढरीच राहील, आपल्या जिभेला तेव्हा भास झाला असेल, असं तो रोज आत जाताना स्वतःला समजावत होता. बोगद्यात पिवळे दिवे होते. त्या उजेडात माणसांचे चेहरेही काविळीचे दिसायचे, तिथे लडीचा रंग काय कळणार.

मधल्या एका दिवशी त्याने साहेबांकडे विषय काढून पाहिला.

"साहेब, ती भेग बुजवली तर?"

साहेब नकाशावर वाकले होते. "आता? म्हणजे गेट उघडणं लांबलं. वर मी काय तोंड दाखवू?" मग चष्म्यावरून बघत हसले. "आणि तुझंच डोकं होतं ना ते? आता पाण्याने घर बदललं म्हणून रडू येतंय का? जाऊ दे. सभेत काही निघालं तर बघू. निघालं तर मी शब्दाला जागेन."

साहेब वाईट माणूस नव्हता. बारक्याला वाटलं, वाईट असता तर किती सोपं झालं असतं. सगळं त्याच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं.

सभेच्या आदल्या दिवशी पाळी सुरू होतानाच तो लड सोडायला गेला. गाठ पाण्याने फुगली होती, सुटेना. त्या झटापटीत छतातली धार त्याच्या गुडघ्यांवरून सरळ बुटांत गेली. बूट काठोकाठ भरले. लड त्याने प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, बूट उलटे करून पाणी ओतलं, पुन्हा घातले आणि दिवसभर तसाच काम करत राहिला. बोगद्यात ओले पाय म्हणजे काही नवल नव्हतं. थोड्या वेळाने पाय गरम होतात आणि माणूस विसरतो.

बाहेर आल्यावर दुपारच्या उजेडात त्याने पिशवी उघडली.

लड डाळिंबी झाली होती. कुठे फिकी, कुठे गडद, पण डाळिंबीच. शंकेला जागा नव्हती. त्याला ताईचा चेहरा दिसला नाही, भाऊजींचा दिसला नाही. त्याला दिसली ती गावातली सगळी माणसं, आणि ऐकू आलं ते एकच वाक्य: बारक्याने झरा विकला. विकलासुद्धा नाही, एका थापेवर आणि कपभर चहावर देऊन टाकला.

अवजारांच्या खोलीत शेगडी पेटलेली होती. त्याने लड तिच्यात टाकली. ओली लोकर लवकर जळेना, चिडल्यासारखी सिस् सिस् करत राहिली, आणि केस जळाल्याचा घाण वास सुटला. मग त्याने कोरडी लड नळाखाली धरली, पिळली, पिशवीत घातली आणि घरी न जाता थेट ताईकडे निघाला. घरी गेलो तर धीर सुटेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बाकावर बसून त्याने बूट काढले आणि ताईपुढे लड धरली. "बघ. पांढरी."

ताईने ती खिडकीच्या उजेडात नेली. उलटसुलट केली, बोटांत चोळली. "आणि दुसरी?"

"दुसरी पाण्यात पडली. वाहून गेली."

ताई मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती हसतही होती. "मला झरा हवा होता रे," ती म्हणाली. "पण रोज सकाळी तळ्यात रंग सोडताना मनात म्हणत होते, लड पांढरीच येऊ दे. काल तर उरलेला सगळा डबा ओतून आले, म्हटलं एकदाचा काय तो निकाल लागू दे. पाणी गेलं तर गेलं. पण ते तुझ्या हातून जायला नको होतं."

"मी काय सांगत होतो?" भाऊजी आनंदाने म्हणाले. "आपला माणूस आहे तो! थांब, चहा टाकतो. टँकरच्या पाण्याचा आहे, नावं ठेवू नकोस." आणि ते आत गेले.

बारक्याला त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यामुळेच त्याला दिसलं. ताईलाही त्याच वेळी दिसलं.

त्याचे मोजे डाळिंबी होते. बोटांपासून घोट्यापर्यंत, सारखे, दाट, एकही पांढरा ठिपका न सोडता. रंगाच्या हंड्यातून काढल्यासारखे. पायांची ऊब आणि घामाचा आंबटपणा, रंगाला हवं ते सगळं दिवसभर बुटात तुडुंब मिळालं होतं.

ताईने मोज्यांकडे पाहिलं, मग हातातल्या लडीकडे, मग त्याच्याकडे. त्याला वाटलं, आता ती ओरडेल. तिने ओरडावं, हंडा फेकून मारावा, काहीही करावं. आतून कपांचा आवाज आला तशी ती चटकन खाली वाकली, लहानपणी ओढायची तसे त्याचे दोन्ही मोजे ओढून काढले आणि एप्रनच्या खिशात कोंबले.

"ओल्या मोज्यांनी बसलाय वेड्यासारखा," ती मोठ्याने म्हणाली, भाऊजींना ऐकू जाईल अशी. "सर्दी होईल."

त्याने उघडे पाय बाकाखाली ओढून घेतले. चहा तो कसा प्यायला हे त्याला आठवत नाही. ताई त्याच्याकडे न बघता पांढरी लड पुन्हा पुन्हा गुंडाळत होती.

घरी येऊन त्याने पाय साबणाने धुतले, मग वजरीने घासले, मग रॉकेल लावलं. रंग हटला नाही. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, सगळं डाळिंबी. बायको दारात उभी राहून बघत होती. "कातडं सोलून निघेल," ती म्हणाली. "काय झालंय तरी काय?" त्याने सांगितलं, बोगद्यात काहीतरी सांडलं होतं. लोकर आणि माणसाचं कातडं रंगाच्या दृष्टीने भावंडंच, हे ताईनेच त्याला कधीतरी तिचे रंगलेले हात दाखवून शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभा ताईच्याच शेडमध्ये भरली, कारण एवढी मोठी जागा गावात दुसरी नव्हती. नियम सगळ्यांना सारखा. दाराशी बुटांची ही मोठी रांग लागली. साहेबांनीही बूट काढले, तेव्हा त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. बारक्याने दुकानातले काळे मोजे घातले होते, एकावर एक दोन जोड.

साहेबांनी नेमकं बोलून घेतलं. पाण्याचा माग बोगद्यापर्यंत लागला असेल तर दाखवा, उद्यापासून भेग बुजवायला घेतो. नसेल तर ठरल्या दिवशी गेट उघडेल. मग सगळे ताईकडे बघायला लागले. तिने तळ्यात रंग सोडल्याचं गावभर झालं होतं.

ताई उठली. रात्रभर झोपली नसावी. तिने पांढरी लड टेबलावर ठेवली. तिचा दुसरा हात एप्रनच्या खिशात होता.

"माझ्या भावाने लड भेगेखाली बांधली होती," ती म्हणाली. "लड पांढरी आली."

शेडमध्ये सुस्कारे ऐकू आले. मागच्या भिंतीशी एक म्हातारी होती, तिच्या घराला तडा गेला होता. तिने नुसतंच "गेलं मग," म्हटलं आणि उठायला काठी शोधू लागली. साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

"ताई, तुम्ही इतकं खरं सांगितलंत," ते म्हणाले, "की मला खरंच आदर वाटतो."

ताईने मान हलवली. जन्मभरात तिने कधी गिऱ्हाइकाला कच्चा रंग पक्का म्हणून सांगितला नव्हता. आणि आज साऱ्या गावासमोर, स्वतःचं पोट ज्यावर चालतं त्या झऱ्यावर पाणी सोडून, ती त्याच्यासाठी खोटं बोलली होती. बारक्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. त्याला वाचवायचं तिने ठरवलं होतं, आणि आता जन्मभर ती त्याला वाचवतच राहणार होती. दर हिवाळ्यात मोजे विणताना, प्रत्येक बादली उचलताना.

ते त्याला सोसेना.

तो बाकावर टेकला. बाक नेहमीसारखा कुरकुरला. त्याने पहिला जोड काढला, मग दुसरा. सगळे आधी चक्रावून बघत राहिले. त्याने दोन्ही पाय पुढे करून उजेडात जमिनीवर ठेवले.

"साहेब, लड खोटी आहे," तो म्हणाला. "खरी मी जाळली. हे काल भेगेखाली उभा होतो त्याचं."

भाऊजी पुढे आले, त्याच्या पायांकडे वाकून बघत राहिले आणि एखाद्या मुलासारखं विचारलं, "धुतलं नाहीस का रे?"

"जात नाही, भाऊजी."

भाऊजी मागे सरले. त्यांचा तो बडबडा चेहरा असा विझलेला बारक्याने कधी पाहिला नव्हता, आणि पुढे कितीतरी दिवस तो चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हटणार नव्हता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "भेग बुजवतो," ते शेवटी म्हणाले. "शब्द दिलाय. पण बारक्या, तुला माहीत आहे, पाणी एकदा वाट चुकलं की बुजवूनही परत येईलच असं नाही."

"माहीत आहे, साहेब."

"आणि नोकरीचं..."

"तेही माहीत आहे."

म्हातारी काठी टेकत परत भिंतीशी जाऊन बसली. दाराशी दोघं-तिघं त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. बारक्या पाय लपवायचा नाही असं ठरवून बसला होता, पण फरशी गार होती आणि बोटं आपोआप आखडत होती.

ताई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने खिशातून हात बाहेर काढला. हातात ते मोजे होते. धुतलेले, वाळवलेले, एकात एक घालून नीट गुंडाळी केलेले, ती दरवर्षी द्यायची तसे. रंग तसूभरही उतरला नव्हता.

"घाल," ती म्हणाली.

"इथे? सगळ्यांसमोर?"

"इथेच."

त्याने गुंडाळी सोडली, वाकला आणि एकेक पायात मोजे चढवले.